दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर सोसायटीतच ठेवावा का? यंत्र आणि इंटरनेट किती लागेल?

प्रश्न – परळकर

नमस्कार. आमच्या चाळीच्या अंगणात दर दिवाळीला मुले दगडमातीचे किल्ले बांधत असत. पुनर्विकासानंतर अंगणाच्या जागी वाहनतळ आला, पोडियमवर माती टाकण्यास मनाई झाली आणि किल्ल्यांची स्पर्धा एका कोपऱ्यातल्या एका सामाईक किल्ल्यापुरती उरली. तो किल्ला यंदाही होणारच आहे. मात्र प्रत्येक मुलाला स्वतःचा किल्ला उभारता यावा म्हणून आमच्या सांस्कृतिक समितीने त्याच्या जोडीला माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग उभारण्याच्या संगणकीय खेळात किल्ले बांधण्याची स्पर्धा घेण्याचे ठरवले आहे आणि तिची तांत्रिक व्यवस्था माझ्याकडे सोपवली आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. संगणक रोज वापरते, परंतु सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे सामाईक खेळजग सांभाळणारे यंत्र, चालवण्याचा अनुभव मला नाही.

साधारण ३० मुले भाग घेतील. त्यांतली निम्म्याहून अधिक मोबाइलवर किंवा टॅबवर खेळतात, बाकीच्यांकडे लॅपटॉप आहेत. काही कुटुंबे पुनर्विकासाच्या काळात ठाणे-डोंबिवलीला गेली ती तिथेच स्थिरावली. त्यांच्या मुलांनाही आम्ही सामील करून घेणार आहोत, आणि कोणाची आतेभावंडे पुण्याहून, तर कोणाची नागपूरहून येऊ इच्छितात. स्पर्धा तीन आठवडे, रोज दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत चालेल. प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळेल. मोठ्या मुलांच्या गटाला सिंधुदुर्ग खऱ्या मापाने बांधायचा आहे.

एका रहिवाशाने आपल्या कार्यालयातील जुना सर्व्हर देऊ केला आहे: झिऑन ई५-२६७० जातीचे दोन प्रोसेसर, एकूण १६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणक भाग), ६४ जीबी रॅम. सोसायटीच्या कार्यालयात स्थानिक केबलचालकाची १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. हे यंत्र आणि ही जोडणी पुरेल का? ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आणि वीज जाण्याची शक्यता लक्षात घेता आणखी काय व्यवस्था करावी? सर्व्हर भाड्याने मिळतात हे मला ठाऊक आहे. तरीही तो इमारतीतच असावा असे वाटते, कारण नववी-दहावीतल्या मुलांना तो कसा चालतो हे प्रत्यक्ष पाहायचे आहे. हा हट्ट अव्यवहार्य असेल तर तसे स्पष्ट सांगावे.


उत्तर – लोहारचाळ

परळकर, नमस्कार. देणगीचे यंत्र स्वीकारण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माइनक्राफ्टच्या सर्व्हरला पुष्कळ कोअरांपेक्षा एक वेगवान कोअर अधिक उपयोगी पडतो. या खेळातले जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते. या प्रत्येक पावलाला टिक म्हणतात आणि एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. पाणी वाहणे, प्राणी हलणे, रेडस्टोनची (खेळातल्या विजेची) यंत्रे चालणे, ३० जणांनी ठेवलेल्या ठोकळ्यांची नोंद घेणे ही बहुतेक कामे त्या ५० मिलिसेकंदांत एकाच मुख्य थ्रेडवर (कामांच्या एकाच रांगेत) एकामागून एक उरकावी लागतात. तो थ्रेड ज्या कोअरवर बसला आहे तो मंद असेल, तर शेजारचे पंधरा कोअर रिकामे असूनही जग अडखळते: दार उघडायला वेळ लागतो, फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसतो. नवा भूभाग तयार करणे आणि डिस्कवरून वाचणे यांसारखी कामे इतर कोअरांवर जातात, म्हणून चार ते सहा कोअर असावेत. त्यापुढच्या कोअरांचा आपल्यासारख्या सर्व्हरला फारसा लाभ नाही.

झिऑन ई५-२६७० हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ असून तो फार तर ३.३ पर्यंत चढतो. २०१८ सालचा आय-फाइव्ह ८५०० हा कार्यालयीन संगणकांतला साधा सहा कोअरांचा प्रोसेसर ४.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि त्याची रचना नंतरच्या पिढीतली असल्यामुळे तेवढ्याच वेगात अधिक काम करतो. विजेचा हिशेबही पाहावा. त्या झिऑनची औष्णिक मर्यादा प्रत्येकी ११५ वॅट आहे, आणि असे दोन आहेत. संपूर्ण यंत्राची सरासरी ओढ १५० वॅट धरली आणि ते दिवसरात्र चालू ठेवले, तर महिन्याला १०८ युनिट होतात. ४० वॅट ओढणारा छोटा डेस्कटॉप तेवढ्याच काळात २९ युनिटांच्या आत राहतो. हे बिल सोसायटीच्या कॉमन मीटरवर पडणार असल्यामुळे सचिवांना आधी सांगितलेले बरे. शिवाय रॅकमध्ये बसवायच्या सर्व्हरचे पंखे इतके आवाज करतात की कार्यालयात बसून कोणाला काम करता येणार नाही. देणाऱ्यांचे मन मोडू नये. ते यंत्र मोठ्या मुलांना उघडून, भाग ओळखून, जोडून पाहण्यासाठी उत्तम आहे. स्पर्धा मात्र त्यावर घेऊ नये.

लॅमिंग्टन रोडवर कार्यालयांतून निघालेले, तपासून विकले जाणारे छोटे डेस्कटॉप मिळतात. आय-फाइव्ह ८५०० किंवा त्याहून नवा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५० ते ५०० जीबीची एसएसडी एवढे पुरे. प्रोसेसरच्या नावापुढे टी हे अक्षर असेल तर तो कमी विजेचा आणि कमी वेगाचा प्रकार असतो (८५००टी हा ३.५ गिगाहर्ट्‌झला थांबतो), म्हणून दुकानात पूर्ण नाव वाचून घ्यावे. फिरती हार्ड डिस्क जगासाठी वापरू नये. तीस मुले तीस दिशांना गेली की तिला निरनिराळ्या ठिकाणचे लहान तुकडे वाचावे लागतात आणि नेमके तेच काम तिला जड जाते. ती बॅकअपसाठी ठेवावी.

रॅमविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो, की जितकी अधिक द्यावी तितके चांगले. १६ जीबीच्या यंत्रात जावाला (सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रणालीला) ६ ते ८ जीबी द्यावी, किमान आणि कमाल मर्यादा सारखीच ठेवावी आणि उरलेली लिनक्स या कार्यप्रणालीला डिस्कची कॅश (डिस्कवरची माहिती हाताशी ठेवण्याची जागा) म्हणून मोकळी सोडावी. जावाला गरजेपेक्षा फार मोठी जागा दिली तर कचरा गोळा करण्याची (नको असलेली माहिती पुसण्याची) फेरी उशिरा येते, आली की लांबते आणि त्या क्षणी सगळ्यांचा खेळ थबकतो.

निम्मी मुले मोबाइलवर आहेत, हा आपल्या प्रश्नातला फार महत्त्वाचा तपशील आहे. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती आणि लॅपटॉपवरची जावा आवृत्ती थेट एकमेकांशी बोलत नाहीत. त्यासाठी पेपर हा सर्व्हरचा प्रोग्राम घ्यावा आणि त्यावर गायझर व फ्लडगेट हे दोन प्लगइन (जोड-प्रोग्राम) बसवावेत. गायझर भाषांतराचे काम करतो आणि फ्लडगेटमुळे मोबाइलवरच्या मुलांना जावाचे वेगळे खाते लागत नाही. माइनक्राफ्ट १.२०.५ पासून यंत्रावर जावा २१ ही प्रणाली आवश्यक आहे. त्याहून नवी आवृत्ती घेतल्यास तिची अट पाहून घ्यावी.

आता ज्यावर सर्वांत अधिक फरक पडतो ते. जग १६ × १६ ठोकळ्यांच्या चंकांमध्ये विभागलेले असते आणि प्रत्येक खेळाडूभोवती ठरावीक अंतरापर्यंतचे चंक सर्व्हर जागे ठेवतो. हे दृश्य-अंतर मुळात १० असते, म्हणजे एका मुलाभोवती २१ × २१, एकूण ४४१ चंक. तीस मुले एकमेकांपासून दूर बसली तर ही संख्या १३,२३० होते. अंतर ६ केले तर प्रत्येकी १६९ आणि एकूण ५,०७०. पण जमिनीचे तुकडे वाटणे आपल्या हातात आहे. १२८ × १२८ ठोकळ्यांचे तीस तुकडे सहा गुणिले पाच अशा जाळीत शेजारी-शेजारी आखले, तर शेजाऱ्यांचे चंक सामाईक होतात आणि दृश्य-अंतर ६ असताना सगळे मिळून ३,१२० चंकांवर भागते. त्याहून अवघड काम सिम्युलेशन-अंतराचे असते, कारण त्या पट्ट्यात प्रत्येक टिकला हालचाल होते. ते ४ ठेवावे. क्रिएटिव्ह प्रकार आणि शांततापूर्ण पातळी ठेवल्यास राक्षसांचा भारही नाहीसा होतो.

क्रिएटिव्हमध्ये मुले उडतात आणि उडत नव्या प्रदेशात गेली की सर्व्हरला तो प्रदेश तिथल्या तिथे घडवावा लागतो. म्हणून जगाची सीमा २००० × २००० ठोकळ्यांवर बांधावी आणि चंकी नावाच्या प्लगइनने तेवढा भाग स्पर्धेआधीच घडवून ठेवावा. हे १५,६२५ चंक होतात. रात्रभरात निश्चित पूर्ण होतील.

आपण भूगोल शिकवता म्हणून जाता जाता एक गोष्ट. सिंधुदुर्ग खऱ्या मापाने बसतो. एक ठोकळा एक मीटर मानला, तर सुमारे ३ किलोमीटरची तटबंदी आणि ४८ एकरांचे बेट ६०० × ६०० ठोकळ्यांच्या तुकड्यात मावते. रायगड तसा मावणार नाही: खेळातली समुद्रसपाटी ६३ च्या आसपास आणि बांधकामाची वरची मर्यादा ३२० आहे, तर रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटरवर. उंचीचे प्रमाण बदलणे किंवा पायथ्यापासूनच मोजणे, यांपैकी काय करावे हे मुलांनाच ठरवू द्यावे.


उत्तर – जाळेकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझे काम नेटवर्कचे असल्यामुळे त्या बाजूने लिहितो, आणि सविस्तर लिहितो, कारण घरी किंवा सोसायटीत ठेवलेले बहुतेक सर्व्हर यंत्रामुळे अडत नाहीत, जोडणीमुळे अडतात.

१०० एमबीपीएस हा आकडा बहुधा डाउनलोडचा सांगितला जातो. सर्व्हरच्या दृष्टीने अपलोड महत्त्वाचा, कारण तीसही मुलांना जग पाठवायचे काम आपल्या बाजूने होते. एका मुलामागे ०.३ ते ०.५ एमबीपीएस धरावे. सगळी एकाच वेळी उडत फिरली तरी १५ एमबीपीएसच्या आसपास राहाल. फायबरवर दोन्ही दिशांचा वेग सारखा असेल तर चिंता नाही. तो सारखा आहे की नाही, हे केबलचालकाला विचारण्याऐवजी संध्याकाळी ८ वाजता, जेव्हा सगळी इमारत इंटरनेट वापरत असते, तेव्हा तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून मोजावे.

खरा प्रश्न हा आहे की बाहेरच्या मुलाला आपला सर्व्हर सापडेल का. आयपीव्ही४ चे (इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे) पत्ते अपुरे असल्याने अनेक पुरवठादार पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीतून बाहेर जाता येते, परंतु बाहेरून आत येणारा निरोप कोणत्या ग्राहकाचा हे पुरवठादाराच्या यंत्राला कळत नाही, आणि आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचा निरोप आतल्या यंत्राकडे वळवणे) कितीही नीट केले तरी त्याचा उपयोग होत नाही. तपासणी सोपी आहे. राउटरच्या स्थितीदर्शक पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता पाहावा आणि माझा आयपी कोणता हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर जोडणी मोकळी आहे. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला तर सीजीनॅट आहे, कारण २०१२ मध्ये हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर पुरवठादाराच्या खोक्यामागे आपला दुसरा राउटर लागलेला असू शकतो. तेव्हा आधी ते खोके ब्रिज (पत्ता थेट आपल्या राउटरला देणाऱ्या) पद्धतीत टाकून घ्यावे आणि पुन्हा पाहावे.

सीजीनॅट निघाल्यास पहिला मार्ग म्हणजे केबलचालकाकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. त्याचे वेगळे शुल्क असते, पण मागितल्यास बहुधा मिळतो. दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या, मुबलक पत्त्यांच्या पद्धतीचा. मोबाइल जाळ्यांवर तो आता सर्रास आहे, तरी घरोघरच्या वायफायवर तो असेलच असे नाही, त्यामुळे तीसच्या तीस मुलांसाठी त्यावर विसंबता येणार नाही. तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत पटतो: मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये अगदी लहान, एक कोअर आणि १ जीबी रॅमचे आभासी यंत्र भाड्याने घ्यावे आणि सोसायटीतल्या सर्व्हरपासून तिथपर्यंत वायरगार्ड या प्रोग्रामने बोगदा (सुरक्षित खासगी वाट) काढावा. बोगदा आतून बाहेर उघडत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. दर २५ सेकंदांनी जिवंतपणाचा निरोप पाठवण्याची नोंद वायरगार्डमध्ये करावी, म्हणजे वाट बंद पडत नाही. मुले त्या बाहेरच्या यंत्राच्या पत्त्यावर येतात आणि ते त्यांना आत पोहोचवते. दोन्ही टोके मुंबईत असल्यास यामुळे वाढणारा विलंब काही मिलिसेकंदांचाच असतो. शिवाय सोसायटीच्या जोडणीचा पत्ता कोणालाच दिसत नाही, त्यामुळे एखाद्याने खोडसाळपणे त्या पत्त्यावर निरोपांचा मारा केला तर भाड्याचे यंत्र बंद पडेल, कार्यालयाचे इंटरनेट चालू राहील. मुलांच्या स्पर्धेत असे कोण करील असे वाटेल. पण हरलेल्या गटातल्या मुलाच्या मित्राला अशी साधने सहज मिळतात, हे पालकांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

पोर्ट (निरोप आत येण्याची क्रमांकित दारे) दोन लागतील: जावासाठी टीसीपी २५५६५ आणि गायझरसाठी यूडीपी १९१३२. टीसीपी आणि यूडीपी या निरोप पाठवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत, म्हणून दुसऱ्याला यूडीपीच निवडावे. टीसीपी निवडल्यामुळे लॅपटॉपवरची मुले आत आणि मोबाइलवरची बाहेर, अशी तक्रार नेहमी येते. दूरनियंत्रणाचे आरकॉन पोर्ट २५५७५ बाहेर उघडू नये. आणि चाचणी करताना इमारतीच्या त्याच वायफायवरून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता टाकून पाहू नये, कारण अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाट देत नाहीत आणि सर्व काही ठीक असूनही जोडणी होत नाही. मोबाइलचा डेटा वापरून तपासावे.

अंतराविषयी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाण्यायेण्यासाठी दर १०० किलोमीटरमागे १ मिलिसेकंद. नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे. वळणे आणि मधली यंत्रे धरूनही नागपूरच्या मुलाला अडचण येऊ नये. मात्र परळच्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा पुरवठादार वेगळा असेल, तर त्याचा निरोप सोसायटीच्या कार्यालयात येण्यासाठी दोन पुरवठादारांची गाठ जिथे पडते तिथपर्यंत जाऊन परततो. ती गाठ मुंबईतच, निक्सी किंवा डी-सिक्ससारख्या विनिमय केंद्रात पडली तर उत्तम. क्वचित ती चेन्नईला किंवा थेट सिंगापूरला पडते आणि शेजारच्या जिन्यावरच्या मुलालाच नागपूरकरापेक्षा अधिक विलंब लागतो. एमटीआर हे साधन वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवते. स्पर्धेआधी इमारतीतल्या प्रत्येक पुरवठादाराच्या एकेका घरातून ते चालवून पाहावे. मोठ्या मुलांना शिकण्यासारखे याहून चांगले काम नाही.

किल्ले बांधण्यासाठी १०० मिलिसेकंदांचा विलंबही चालून जातो. निरोप गळणे मात्र चालत नाही. जावा आवृत्ती टीसीपी वापरते आणि टीसीपीमध्ये एक निरोप हरवला की तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबून राहतात. म्हणून सर्व्हर वायफायवर ठेवू नये. राउटरपासून कॅट ६ ची तार टाकावी. आणि त्याच जोडणीवरून सोसायटीचे सीसीटीव्ही कॅमेरे बाहेर चित्रण पाठवतात का, हे आवर्जून पाहावे. अपलोड काठोकाठ भरला की राउटरमध्ये रांग लागते आणि वेग पुरेसा असूनही विलंब शेकडो मिलिसेकंदांवर जातो. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यातली एसक्यूएम (रांग आवरण्याची) सोय मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर लावावी.


उत्तर – ठाणे पश्चिम

मी थोडे वेगळे मत मांडतो. स्पर्धा तीन आठवड्यांची आहे, रोज पाच तासांची. एवढ्यासाठी यंत्र विकत घेण्यापेक्षा सर्व्हरच मुंबईत भाड्याने घ्यावा आणि बाकीचे एकोणीस तास तो बंद ठेवावा, असा विचार समितीने एकदा तरी करावा. अॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून चालू आहे, त्यामुळे विलंबाचा प्रश्न नाही, वीज आणि परतीचा पाऊस यांची काळजी त्यांची, आणि सीजीनॅटही नाही.

मात्र स्वस्त दिसणाऱ्या यंत्रांपासून सावध राहावे. अॅमेझॉनच्या टी३ मीडियमसारख्या प्रकारात दोन आभासी कोअर आणि ४ जीबी रॅम मिळते, परंतु प्रत्येक कोअरचा हमीचा वाटा २० टक्केच असतो; त्यापुढे साठवलेली शिल्लक खर्च होते, आणि ती संपली की निवडलेल्या पद्धतीनुसार एकतर वेग घटतो किंवा जादा आकार लागतो. वर सांगितलेला मुख्य थ्रेड तर पाचही तास राबणार. म्हणून सतत पूर्ण वेग देणारा प्रकार घ्यावा.

बाहेर जाणाऱ्या डेटाचाही हिशेब करावा. सरासरी ९ एमबीपीएस धरले तर तासाला सुमारे ४ जीबी, आणि १०५ तासांचे ४२५ जीबीच्या आसपास. अॅमेझॉनकडे महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत असतात आणि मुंबईतून पुढच्या प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट पडतात, म्हणजे केवळ डेटाचेच ३५ डॉलर. मुले एका जागी बसून बांधत राहिली तर हा आकडा पुष्कळ खाली येईल, पण समितीसमोर अंदाज ठेवताना वरचाच ठेवावा. यंत्र बंद असतानाही डिस्कचे भाडे चालू राहते, आणि आयपीव्ही४ पत्त्याचेही, तो वापरात असो वा नुसता राखून ठेवलेला असो, २०२४ पासून ताशी अर्धा सेंट लागतात.


परळकर

तिघांचेही मनापासून आभार. मोठ्या मुलांना बरोबर घेऊन आम्ही राउटरचे पान पाहिले. वॅन पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट आहे. अपलोड संध्याकाळीही ९० एमबीपीएसच्या वर राहिला. कॅमेऱ्यांचे चित्रण इमारतीतच साठवले जाते, ते बाहेर जात नाही.

समितीने भाड्याच्या पर्यायावर गांभीर्याने चर्चा केली. शेवटी छोटा डेस्कटॉप घेण्याचे ठरले, कारण स्पर्धेनंतर तो वाचनालयात मुलांच्या वापरासाठी राहील, आणि वायरगार्डसाठी लहान आभासी यंत्र एका महिन्यापुरते घेऊ. आता तीन गोष्टी विचारते. वीज गेल्यास किती वेळ तग धरावा लागेल? एखाद्याने दुसऱ्याचा किल्ला पाडला तर तो परत कसा मिळवावा? आणि ३० मुलांचा भार झेपेल की नाही, हे उद्‌घाटनाच्या आधी कसे कळेल?


उत्तर – लोहारचाळ

योग्य निर्णय आहे असे मला वाटते.

मुंबईत वीज वारंवार जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून शहराचा मोठा भाग काही तास अंधारात होता, हे विसरू नये. यूपीएसचे उद्दिष्ट खेळ चालू ठेवणे नसून जग नीट जतन करून यंत्र बंद करणे हे ठेवावे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस डेस्कटॉप आणि राउटरला मिळून अर्ध्या तासाच्या आसपास धरतो आणि ते पुरेसे आहे. फक्त यूएसबी पोर्ट असलेला घ्यावा, म्हणजे एनयूटी हे साधन बॅटरी उतरू लागताच सर्व्हरला स्वतःहून बंद करील; स्वस्त नमुन्यांत हे पोर्ट नसते. केबलचालकाने इमारतीत फायबरपासून पुढे विजेवर चालणारा स्विच बसवला असेल, तर कार्यालयात यूपीएस असूनही इंटरनेट जाईल, म्हणून तो स्विच कुठून वीज घेतो ते पाहून ठेवावे. यंत्र मीटर रूममध्ये ठेवू नये. कार्यालय रात्री बंद असते तेव्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा खेळती राहील अशी, खिडकीच्या पाणशिंतोड्यांपासून दूर असलेली जागा निवडावी.

किल्ला पाडण्याच्या प्रश्नाला दोन उत्तरे लागतात. कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन कोणी, केव्हा, कोणता ठोकळा हलवला याची नोंद ठेवते आणि एका मुलाने एका तासात केलेले तेवढेच बदल मागे घेता येतात, बाकीच्यांच्या कामाला हात न लावता. तुकड्यांच्या सीमा वर्ल्डगार्डने बांधल्या तर मुळात परक्याच्या तुकड्यात हात घालताच येणार नाही. त्याखेरीज रोज रात्री ९ नंतर संपूर्ण जगाची प्रत घ्यावी: आधी सेव्ह-ऑफ आणि सेव्ह-ऑल फ्लश या आज्ञा, मग प्रत, मग सेव्ह-ऑन, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल प्रतीत येऊ शकते. जग ५१२ × ५१२ ठोकळ्यांच्या फाइलींत साठते. मध्यबिंदूभोवती २००० ठोकळ्यांची सीमा असल्यास जमिनीच्या अशा १६ फाइली होतील. तीन आठवड्यांच्या सगळ्या प्रती हार्ड डिस्कवर सहज मावतील. त्यांतली एक प्रत इमारतीबाहेर, कोणाच्या तरी घरी असू द्यावी.

श्वेतयादी (प्रवेश असलेल्या नावांची यादी) पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी. मोबाइलवरच्या मुलांची नावे फ्लडगेट टिंबाने सुरू करतो, ती तशीच नोंदवावीत. लहान मुलांची मायक्रोसॉफ्ट खाती पालकांच्या खात्याला जोडलेली असतील, तर ऑनलाइन इतरांबरोबर खेळण्याची परवानगी पालकांनी स्वतः द्यावी लागते. हे काम सुट्टीच्या आधीच्या रविवारी पालकांना एकत्र बोलावून करून घ्यावे, नाहीतर उद्‌घाटनाच्या दिवशी दहा मुले बाहेर उभी राहतील आणि दोष सर्व्हरला दिला जाईल. सर्व्हर अद्ययावत ठेवावा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या घटकातल्या त्रुटीमुळे केवळ गप्पांच्या चौकटीत विशिष्ट ओळ टाकून परक्या सर्व्हरवर ताबा मिळवता येत होता, आणि तिची दुरुस्ती १.१८.१ मध्ये आली.

भाराची चाचणी आठ-दहा मुलांवरच करावी, पण त्यांना सर्वांत वाईट वागायला सांगावे: सगळ्यांनी एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना जगाच्या सीमेपर्यंत उडावे, दोघांनी पाणी सोडावे, दोघांनी रेडस्टोनची यंत्रे चालवावीत. त्या वेळी पेपरची एमएसपीटी ही आज्ञा एका टिकला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. सरासरी २५ च्या खाली राहिली तर तीस मुलांना वाव आहे. ४० च्या वर गेली तर आधी सिम्युलेशन-अंतर आणखी कमी करावे, मग दृश्य-अंतर ५ वर आणावे. तरीही उतरली नाही तर स्पार्क हे साधन दहा मिनिटे चालवून कोणता प्लगइन वेळ खातो ते पाहावे आणि त्याचा अहवाल इथे मांडावा, मी वाचून सांगेन.


उत्तर – जाळेकर

एकच भर घालतो. त्या चाचणीत ठाण्याचा एक, पुण्याचा एक आणि नागपूरचा एक मुलगा असावाच, आणि त्यांतला किमान एक मोबाइलवरून येणारा असावा. वायरगार्डच्या बोगद्यात निरोपाचा कमाल आकार १४२० बाइटांवर ठेवावा. लहान निरोप जातात म्हणून खेळात प्रवेश मिळतो आणि जगाचे मोठे तुकडे येताना मात्र पडदा तसाच थांबतो, असे लक्षण दिसले तर आधी तोच आकडा तपासावा, आणि केबलचालकाची जोडणी पीपीपीओई (राउटरमध्ये नाव-पासवर्ड टाकून जोडण्याच्या) पद्धतीची असेल तर तो १४१२ वर आणून पुन्हा पाहावे.